चव बघणं

लॅबच्या पोरानं पत्ता विचारला.
साखर पेठ, म्हणाले.
तो हसला, मग सुई टोचली.

रिपोर्टावर पाच ओळी, तीन ओळींपुढं बाण,
तिन्ही वर तोंड केलेले.
गुरुबाई बिराजदार, वय एक्कावन्न, वजन एक्याऐंशी.
रांगेत माझ्यामागं अनुसया येमूल,
एकोणऐंशी.

दोघींचा मिळून एक धंदा:
मी ज्वारीच्या भाकऱ्या थापते,
शेकून चुलीला टेकवून ठेवते,
बोटानं टिचकी मारली की वाजल्या पाहिजेत.
ती शेंगा भाजते, लसूण, तिखट, मीठ,
उखळात कुटत राहते
चटणीनं आपलं तेल आपण सोडेपर्यंत.
तेल सुटलं नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही.

तिचा डॉक्टर म्हणाला, तेल सोडा, शेंगा सोडा.
माझी डॉक्टरीण म्हणाली, भाकरी सोडा, भात सोडा.
जिन्यात बसून आम्ही खूप हसलो.
खाली उतरताना कुणीच बोललं नाही.

पहिल्याच आठवड्यात माझे तीन किलो गेले.
गल्लीभर सांगून झाल्यावर डॉक्टरीण म्हणाली,
ते पाणी हो, चरबी नव्हे,
पीठ थांबलं की अंगातलं साठलेलं पाणी जातं.
मला पाण्याचंच वाईट वाटलं,
आमच्याकडं नळ चार दिवसांनी येतो.

अंडी, दोडका, मेथी, पनीर, ताक.
पोटाला अकरापर्यंत भूक लागायची नाही,
भूक हातांना लागायची.
दिवसाला दोनशे भाकऱ्या
आणि एकीचाही पापुद्रा तोंडात टाकायचा नाही.
तिकडं अनुसया बिनफोडणीचं वरण भुरकायची,
तासाभरानं पुन्हा डबे हुडकायची.
एकदा पुडा आणला, वर लिहिलेलं, चरबी शून्य.
मी चष्मा लावून मागची बाजू वाचली:
मैदा, साखर, आणि साखरेचीच आणखी दोन नावं.
"काय खाउलालीस गं तू?"
ती बिस्किटाकडं बघत राहिली,
शिव्या तिनं तेलुगूत दिल्या.

धंदा तर चालवायचा होता.
"गुरू, मीठ बघ गं," ती उखळाजवळून हाक मारायची.
मी चिमूट जिभेवर ठेवून सांगायची, लसूण कमी.
माझ्या पहिल्या भाकरीचा तुकडा ती मोडायची,
डोळे मिटून चावायची.
तो कुरकुर आवाज मी कानांनी खाल्ला
सहा महिने.

मंगळवेढ्याहून भावानं हुरडा पाठवला तेव्हा
वहीत लिहिलं: दोन मुठी.
चार होत्या.
तिच्या वहीत एक अख्खं पान कोरं आहे,
भाच्याच्या लग्नाचं. मी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी तिचे सात गेले, माझे साडेसात.
त्या अर्ध्या किलोसाठी मी दोनदा काट्यावर चढले.
माझी साखर उतरली,
ते लांबलचक नावाचं रक्तातलं तूपही उतरलं,
पण वाईट कोलेस्टेरॉलपुढं नवा बाण, वर.
तिचं तेच उतरलं, साखर मात्र
जागची जेमतेम हलली.
"मग बरोबर कोण?" अनुसयानं विचारलं.
डॉक्टरीण पेनाचं टोपण लावत म्हणाली,
पुढच्या शिमग्याला जी अजून हेच खात असेल, ती.
आम्ही दोघींनी जमिनीकडं बघितलं.

काल एक जिमवाला पोरगा आला, दंड असे मांडीएवढे.
"मावशी, यानं वजन वाढतं का?"
भाकरीकडं बोट होतं की चटणीकडं, कळलं नाही.
अनुसया म्हणाली, "कुणाचं?"
तो गप्प. म्हणाला, पाव किलो द्या.
तिनं चटणी काट्यावर ठेवली.
पारडं खाली गेलं, वर आलं, परत खाली,
आणि ते थांबेपर्यंत
दोघींनी श्वास धरून ठेवला,
आमचंच वजन चाललंय असा.